पगार असलेला मिस्त्री

दाजींना कुणी "आज किती मिळाले?" असं विचारलं, की ते रुपयांत कधी सांगायचे नाहीत. "दोन क्लचप्लेटा, एक कार्बोरेटर आणि एक फुकट," असं उत्तर यायचं. फुकट म्हणजे एखादे ओळखीचे साहेब, नाहीतर लग्नाला निघालेला आणि वाटेत गाडी बंद पडलेला कुणी बापडा. बाकीचा हिशेब ज्याचा त्यानं करून घ्यायचा. त्यांच्या या सवयीनं आमच्या घराला पहिला हादरा बसला तो त्यांना आम्ही पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी. पुढं दहा-बारा वर्षं हादरे बसतच राहिले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान, दिवाकर साळवे. मूळचे घोटीचे. नाशकात मुंबई नाक्यावर त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी फळ्या आणि चौथ्या बाजूला रस्ता. सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. ताई बालवाडीत शिकवत होती, मी कॉलेजात होते, आणि आप्पांच्या एका मित्रानं हे स्थळ आणलं होतं.

मुलगी पाहायला दाजी त्यांच्या काकांबरोबर आले. शर्ट कडक इस्त्रीचा, पण नखांच्या कडेला काळी रेघ. पोहे झाले, चहा आला, आणि आप्पांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "पगार किती?"

"पगार नाय," ते म्हणाले. "गॅरेज हाय माझं."

"बरं. मग महिन्याला काय पडतं?"

दाजींनी थोडा वेळ छताकडं पाहिलं. "या महिन्यात तीन इंजिनं खोलली. गेल्या महिन्यात एकच. पाऊस लागला ना. पावसात लोक इंजिनाचं काम काढत नायत, नुसते पॉइंट पुसून घेतात."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"ते कांद्यावर हाय."

आप्पांची बशी तोंडापाशी थांबली. "कशावर?"

"कांद्यावर. भाव बरा लागला, की नामपूर-सटाण्याकडची माणसं गाड्या घेऊन येतात. नायतर तशाच ढकलतात वर्षभर."

आप्पांनी बशी खाली ठेवली, आणि चहा तसाच राहिला. आमच्या घरात चहा टाकलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आप्पांना एवढा धक्का का बसला, हे कळायला आप्पा माहीत असायला हवेत. ते सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत कारकून होते. कचेरीतल्या सगळ्यांची पगारपत्रकं, वेतनवाढी, रजा, बदल्या त्यांच्या हातून जात. माणूस भेटला, की त्याचं नाव-गाव कळायच्या आत त्याची वेतनश्रेणी त्यांच्या डोक्यात तयार व्हायची. हे नुसतं कारकुनी वेड नव्हतं. आमच्या आजोबांनी गावात पडेल ते काम आणि देतील ते धान्य यावर जन्म काढला होता. 'देतील ते' या शब्दांची आप्पांना इतकी धास्ती होती, की लहानपणी आम्ही फेरीवाल्याला "द्या तुम्हाला वाटेल तेवढं" म्हणालो तरी ते खवळायचे. एक तारीख, सही, आणि ठरलेला आकडा. त्यांच्या लेखी माणूस माणसात आला तो त्या एक तारखेला. आता त्यांची लेक कांद्याच्या भावावर संसार करणार होती.

"नाही," त्या रात्री जेवताना त्यांनी निकाल दिला. "माणूस वाईट नाही. पण याला उत्पन्न म्हणत नाहीत. याला हवामान म्हणतात."

ताई मान खाली घालून म्हणाली, "चौकशी तरी करा."

मग आप्पांनी चौकशी केली. आणि कशी? सरळ अर्जित रजा टाकली, गॅरेजसमोरच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसले, आणि बरोबर मला नेलं. "नुसता पुरुष तासन्‌तास बसला तर लोक संशय घेतात. मुलगी बरोबर असली की वाटतं, बसची वाट पाहतायत," असं त्यांचं म्हणणं. त्या रस्त्यावर बसचा थांबा नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गॅरेजवर कुत्रं फिरकलं नाही. दाजी एका खोक्यावर बसून पाने पुसत होते. पुसलेले पुन्हा पुसत होते. आप्पांचा चेहरा उतरत उतरत चालला. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक फेटेवाला बुलेट ढकलत घामाघूम होऊन आला आणि तिथूनच ओरडला, "मिस्तरी, मनी गाडी बंद पडी गयी! आज परत नामपूरले जानं शे!"

दाजींनी किक मारली, कान लावला, हात धुऊन आले आणि म्हणाले, "आज नाय होत. इंजिन उतरवावं लागंल. उद्या सांजच्याला."

"कितला पैसा लागतीन?"

दाजींनी मजुरीचा जो आकडा सांगितला, तो ऐकून आप्पांचा कप पुन्हा थांबला. त्यांच्या आठवड्याच्या पगाराएवढा होता तो! कालचा सबंध दिवस शून्य आणि आज एका गाडीचे एवढे. आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच हा घोळ घातला होता.

"याला तापाचा तक्ता म्हणतात," ते पुटपुटले.

त्याच दिवशी अजून एक गोष्ट घडली. तो फेटेवाला शेतकरी म्हणाला, की पिस्टन तुम्हीच आणा, मला दुकानं माहीत नाहीत. दाजी म्हणाले, "आणतो. पण पावती तुम्हाला देतो, आणि दुकानदार मला त्यातले काय देतो तेबी सांगतो. यात माझे आठ रुपये हायेत."

त्या काळी सुट्या भागांच्या दुकानातून मिस्त्रीला कमिशन मिळायचं, हे मला तेव्हाच कळलं. मजुरी कमी आणि कमिशन जास्त, अशीच बऱ्याच मिस्त्र्यांची कमाई असे. म्हणूनच अर्धवट झिजलेला भाग बदलायचा मोह सुटत नसे. सगळे घ्यायचे. दाजीही घ्यायचे. पण तोंडावर सांगून घेणारा हा एकच. शेतकरी आधी दचकला, मग हसायला लागला. "मंग ते आठ ऱ्हाऊ दे तुमलेच," म्हणाला. आप्पा मात्र हसले नाहीत. सरकारी माणूस, अशा गोष्टी उघड बोलतात हेच त्यांना झेपेना.

तिसऱ्या दिवशी आम्ही उठताना आप्पांनी चहाचे पैसे काढले, तर हॉटेलवाला म्हणाला, "राहू द्या. तिन्ही दिवसांचे मिस्त्रींनी दिलेत. म्हणाले, सासरे हायेत, हिशेब चालूय त्यांचा, मधी बोलू नका."

आप्पा रस्ता ओलांडून गेले नाहीत. वळूनही पाहिलं नाही. टांग्यात बसेपर्यंत त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत्या.

घरी आल्यावर मी कमिशनची गोष्ट ताईला सांगितली. ती तशीच उठून आप्पांकडं गेली आणि म्हणाली, "जो माणूस स्वतःचं कमिशन गिऱ्हाइकाला सांगतो, तो बायकोपासून काय लपवणार? मी करीन तर यांच्याशी." ताईनं आप्पांपुढं 'करीन तर' म्हणणं हाच एक धक्का होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आप्पांनी मग जे केलं, ते फक्त आप्पाच करू जाणेत. दाजींना बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि म्हणाले, "दिवाकरराव, तुमचं गॅरेज कमी कमवो, जास्त कमवो, ते मला नको. माझ्या मुलीच्या हातात एक तारखेला ठरलेली रक्कम पडली पाहिजे. पावसात तीच, कांद्यात तीच. मालकही तुम्ही, नोकरही तुम्ही. मालकानं नोकराला पगार द्यायचा. जमेल?"

"म्हंजे मी मला पगार द्यायचा?"

"होय."

"आन् मला सुट्टी?"

"नैमित्तिक रजा मिळेल," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

त्यांनी खरोखर वेतनश्रेणी तयार केली होती! मूळ पगार साडेतीनशे. दरवर्षी जुलैत वेतनवाढ. सरकारनं महागाई भत्ता वाढवला, की दाजींचाही वाढणार. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. एखाद्या कमावत्या माणसाचा याहून मोठा अपमान काय असतो? पण ते म्हणाले, "मामा, माझा बाप घोटीला भाताच्या गिरणीत हमाल होता. त्याला कुणी कधी वेतनवाढ दिली नाय. चालंल मला."

लग्न झालं. बुद्धवंदनेच्या वेळी आप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आणि एक तारखेला दाजी ताईला घेऊन आमच्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. ताईच्या हातात साडेतीनशे रुपये दिले, आप्पांकडं पाहून नमस्कार केला आणि चहा पिऊन गॅरेजवर गेले. पुढल्या एक तारखेला पुन्हा. आम्हाला वाटलं होतं, चार महिने चालेल हे नाटक. पण ते थांबेनाच. आमच्या कॉलनीतले लोक चेष्टा करायचे. "काय मिस्त्री, बोनस जाहीर झाला का?" दाजी शांतपणे सांगायचे, "दिवाळीला मिळंल. मालक बरा हाय आमचा."

महागाई भत्ता वाढल्याचं पत्रक कचेरीत आलं, की आप्पा संध्याकाळी घरी न येता थेट मुंबई नाक्यावर जायचे. गॅरेजच्या दारात उभे राहून "वाढला" एवढंच म्हणायचे. दाजी गाडीआडून विचारायचे, "किती?" आप्पा आकडा सांगायचे. "थकबाकीसह?" "थकबाकीसह." शेजारच्या गॅरेजचे रऊफभाई हे ऐकून कपाळावर हात मारायचे. "साळवे, तू पागल है क्या? मेरे को कोण वाढवून देतो?" दाजींचं उत्तर ठरलेलं होतं, "तुला वेतनश्रेणी नाय ना."

एकदा दाजी दोन दिवस घोटीला भावाच्या घरी जाणार होते. मी तिथं होते म्हणून सांगते, ते आप्पांसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, गुरुवार-शुक्रवार रजा पाहिजे." आप्पांनी चष्मा वर केला. "शिल्लक आहे," म्हणाले. मला हसू आवरेना. पण त्या दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसण्याची सुरकुती नव्हती.

मिस्त्र्याचं पोट कशाकशावर अवलंबून असतं, हे मला दाजींमुळं कळलं. जागा हा पहिला मुद्दा. "गंगापूर रोडला नट आवळला तर पाच रुपये, मुंबई नाक्यावर दोन, आन् घोटीत एक चहा. नट तोच," ते म्हणायचे. दुसरं, इंजिन खोलणारा तो मिस्त्री. बाकी सगळे धुणारे-पुसणारे, त्यांची मजुरी निम्मी. तिसरं कमिशन. तिथं दाजींनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. गिऱ्हाइकाला कमिशन सांगणारा मिस्त्री दुकानदारांना परवडेना. हळूहळू त्यांनी दाजींचं कमिशन बंद केलं. ताई एकदा म्हणाली, "नाही सांगितलं तर काय बिघडेल?" दाजी म्हणाले, "सांगितल्याबिगर घेतलं तर ते कमिशन ऱ्हात नाय." एवढं बोलून ते पाना शोधायला लागले.

तरी पगार चालू होता. वेतनवाढीही चालू होत्या. ऐंशी साल उलटलं. माझं लग्न झालं, मी शाळेत शिकवायला लागले, आणि रस्त्यावर हळूहळू वेगळ्याच गाड्या दिसायला लागल्या. हलक्या, चकचकीत, आवाज कमी. पेट्रोलात तेल मिसळायला नको, महिन्याला कार्बोरेटर साफ करायला नको. लोक खूश होते. मीही खूश होते. या गाड्यांनी कुणाच्या तरी घरात चूल थंड होत असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

दाजी एकदाच बोलले होते. मी विचारलं, "या नव्या गाड्या कशा आहेत?" ते म्हणाले, "लय चांगल्या. बिघडतच नायत." आणि ते इतकं कौतुकानं म्हणाले, की मला त्यात दुसरं काही ऐकूच आलं नाही.

आप्पांना मात्र कुणकुण लागली असावी. त्यांनी त्या वर्षीची वेतनवाढ रोखली. सरकारी नोकरीत दक्षता रोध म्हणून एक भानगड असे. अमुक लायकी दाखवल्याशिवाय पुढची वाढ मिळत नसे. आप्पांनी तोच लावला. "नव्या इंजिनाचं काम शिकल्याशिवाय रोध उठणार नाही." दाजी चार महिने रऊफभाईंच्या गॅरेजात जाऊन ते काम शिकले. रऊफभाई नव्या गाड्यांच्या कामात आधीच शिरले होते. काम येतं म्हणून दाजींनी आप्पांना सांगितलं, आप्पांनी रोध उठवला, ताईनं शिरा केला. आम्ही सगळे त्या दिवशी किती हसलो होतो! पण शिकले तरी काम कुठून येणार होतं? नव्या गाडीचे मालक कंपनीच्या वर्कशॉपात जायचे, आणि जुन्या गाड्या एकेक करून भंगारात चालल्या होत्या.

त्यानंतर वर्षभरानं, एका शनिवारी, माझी मोपेड मुंबई नाक्याच्या अलीकडं बंद पडली. मी ढकलत दाजींच्या गॅरेजपाशी गेले. पाटी होती, 'साळवे ऑटो गॅरेज'. पण मधली फळ्यांची भिंत काढलेली, रऊफभाईंचं आणि दाजींचं गॅरेज एकच झालेलं. मला वाटलं, वा, भागीदारी केली की काय! संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील. रऊफभाई खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर कामगार ओळीनं उभे होते. गॅरेजांत शनिवारी आठवड्याचे पैसे वाटतात. एकेक जण पुढं होऊन हात पसरत होता आणि पैसे खिशात घालून बाजूला होत होता.

त्या ओळीत चौथे दाजी होते.

 मी तिथंच, मोपेडचं हँडल धरून उभी राहिले. दाजींचा नंबर आला. रऊफभाई खुर्चीतून अर्धवट उठले, दोन्ही हातांनी पैसे दिले. दाजींनी घेतले, न मोजता वरच्या खिशात टाकले, वळले आणि मला पाहिलं.

"मंदाताई," ते म्हणाले. "प्लग असंल. आणा इकडं."

त्यांनी मोपेड सुरू करून दिली.  ते आत हात धुवायला गेले तेव्हा रऊफभाई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, बुरा मत मानो. वर्ष झालं. त्यांनी जागा आणि सगळी हत्यारं मला दिली, मी पैसे दिले. पाटी मीच काढली नाही, त्यांच्या नावावर अजून गाड्या येतात. मी म्हटलं, घरी सांग. तो म्हणाला, पगार चालू हाय तोवर काय सांगायचं?"

"कुठून चालू आहे?" मी विचारलं.

"त्याच पैशातून. दर महिन्याला काढतो त्यातून. आता संपत आलेत."

म्हणजे हा माणूस गॅरेज विकून आलेल्या पैशातून स्वतःला पगार देत होता! वेतनवाढीसकट. महागाई भत्त्यासकट. आणि रऊफभाईंकडून मिळणारी आठवड्याची मजुरीही त्यातच घालत होता. आणि दर एक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या घरी येऊन चहा पीत होता. मी तिथून कशी निघाले ते मला आठवत नाही.

मी आधी ताईकडं गेले. ऐकून ती भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्यापासून?" एवढंच म्हणाली. "माझ्यापासून लपवलं?" तिला गॅरेज गेल्याचं दुःख नव्हतं. जे एक वाक्य बोलून तिनं लग्न केलं होतं, ते तिच्यासमोर मोडून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पा तोपर्यंत निवृत्त झाले होते, पेन्शन सुरू होती. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, आणि रात्रभर ते अंथरुणावर बसून होते असं आई म्हणाली. ताई आणि दाजी आले. दाजींना कळलं होतं. ते दारापाशी उभे राहिले, आत येईनात.

आप्पा म्हणाले, "दिवाकरराव, चूक माझी आहे. मी तुम्हाला या फासात अडकवलं. माझ्या बापाच्या 'देतील ते'चं भय मी तुमच्या गळ्यात घातलं. आजपासून ती वेतनश्रेणी रद्द. पगार बंद. जे मिळेल, जेव्हा मिळेल, ते घरी आणा. कुणी काही विचारणार नाही."

आम्हाला वाटलं, दाजी सुटकेचा श्वास टाकतील. ताईनं तर डोळ्यांना पदर लावला होता. पण दाजींचा चेहरा पांढरा पडला. ते दोन पावलं आत आले आणि म्हणाले, "मामा, मला काढून टाकलं?"

कुणाला काही कळेना.

"नाही हो," आप्पा म्हणाले. "काढून कसं टाकीन? मी तुम्हाला मोकळं करतोय."

"मंग तेच ना ते." दाजींचा आवाज चढला. मी तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "नाशकात एवढे मिस्त्री हायेत. सगळे देतील ते घेतात. वेतनश्रेणी असलेला मी एकटा हाय. रऊफ मालक झाला तरी त्याला नाय. गॅरेज गेलं, हत्यारं गेली, मी काय बोललो? पगार चालू होता. आता तुम्ही तोबी बंद केला, तर मी या घरात एक तारखेला कोण म्हणून यायचं? सुमनला मी सांगितलं नाय, कारण सांगितलं असतं तर तुम्ही आजचंच केलं असतं."

ताईनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.   जो अपमान आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तो या माणसानं इतकी वर्षं छातीला लावून ठेवला होता, आणि आम्हा घरच्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता.

 आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. आस्थापना शाखेत खुर्चीवर बसायचे तसे ताठ बसले.

"काढलेलं नाही," ते म्हणाले. "तुमचा गैरसमज झाला. मी नीट सांगितलं नाही. तुम्हाला रऊफ यांच्या गॅरेजवर प्रतिनियुक्तीवर पाठवलं आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे माणूस आपल्या खात्याचाच असतो. काही काळ दुसऱ्या ठिकाणी काम करायला पाठवतात. तिथला पगार तिथले नियम. तिथं आठवड्याला देतात, तर आठवड्याला घ्यायचा, तेवढाच घरी द्यायचा. भत्ते बंद. स्वतःच्या खिशातून एक पैसा घालायचा नाही, तो नियमभंग होतो. पण नोकरी इथलीच. तुमचा हक्क इथंच राहतो."

दाजींनी विचार केला. त्यांच्या कपाळावरच्या शिरा सैल होताना मला दिसल्या.

"असं असतं?"

"सरकारात नेहमी असतं."

"मंग ठीक हाय," दाजी म्हणाले आणि आता कुठं पाटावर बसले. ताई उठली, आत गेली, पाणी घेऊन आली. त्यांच्या हातात तांब्या देताना म्हणाली, "पुन्हा लपवायचं नाही." ते म्हणाले, "नाय."

पुढची वर्षं दाजी रऊफभाईंकडं काम करत राहिले. नव्या गाड्यांचं काम त्यांच्या हाताला छान बसलं. शनिवारी मिळेल ते घेऊन रविवारी ते आमच्या घरी यायचे, आप्पांसमोर ताईच्या हातात द्यायचे. रक्कम लहान होती, पण त्यांचा शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. नाक्यावर कुणी जुनं गिऱ्हाईक भेटलं आणि "काय मिस्त्री, दुसऱ्याकडं काम करता?" असं म्हणालं, तर ते मान वर करून सांगायचे, "प्रतिनियुक्ती हाय. वरून आदेश आला, की परत." लोकांना वाटायचं, थट्टा करतायत. त्यात थट्टा नव्हती. मी आप्पांना एकदा विचारलं, "तुम्ही त्यांना असं खोटं का सांगितलंत?" आप्पा रागावले. "खोटं कसं? मी पाठवलंय."

नव्वद साली आप्पा गेले. सकाळी पेपर वाचता वाचता. आजारपण नाही, काही नाही.  कचेरीतले जुने लोक आले, कॉलनी लोटली, भन्तेंनी वंदना घेतली. दाजी गॅरेजवरून तसेच आले होते, हात काळे, शर्टावर तेलाचे डाग. त्यांना मी इस्त्रीच्या शर्टाशिवाय आमच्या घरी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खांदा दिला. सगळं केलं. 

स्मशानातून परत आल्यावर लोक पांगले. दाजी ओट्यावर बसले होते. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी पाणी घेतलं नाही. माझ्याकडं पाहिलं, आणि त्या थोराड, काळवंडलेल्या चेहऱ्यावर मला एक असं भय दिसलं, जे मी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं.

"मंदाताई," ते म्हणाले, "मामांनी मला रऊफकडं पाठवलं होतं. आता मला परत कोण बोलवणार?"